तोंडी आवतण

लग्नकार्यात एखादा नवा पाहुणा "आपण काय करता?" असं विचारतो, तेव्हा माझ्याआधी माझी बायको उत्तर देते. "हे लोकांची भांडणं मिटवतात. मिटवण्यासारखी शिल्लक नसली तर दोन नवी लावून देतात." पाहुणा मला वकील समजतो. मग मी खुलासा करतो की मी समितीचा निमंत्रक आहे. पाहुणा हसून मान हलवतो आणि जेवणाच्या रांगेकडे सरकतो.

निमंत्रकाचं काम काय असतं ते सांगतो. समजा, सात संघटना आहेत. सात झेंडे, सात अध्यक्ष, आणि प्रत्येक अध्यक्षाची खात्री की उरलेल्या सहांमुळेच चळवळ मागे पडली. या सातांना एका सतरंजीवर बसवायचं आणि ती सतरंजी फाटू द्यायची नाही. सतरंजी मी मुद्दाम म्हणतो. खुर्च्या मांडल्या की पहिली रांग तयार होते, आणि पहिल्या रांगेवरून माझ्या दोन आघाड्या मोडल्या आहेत. पत्रकाखाली नावं कुठल्या क्रमानं छापायची, हे तर सीमाप्रश्नापेक्षा अवघड. एकदा वर्णानुक्रमानं छापायचं ठरलं, तर आठवड्याभरात एका संघटनेनं नावाआधी "अखिल" लावून घेतलं. शिवाय माईकची परवानगी, चहा, शेवटी कोण बोलणार, रुसलेल्याला कोणी फोन करायचा, ही सगळी कामं निमंत्रकाची. पगार नाही, पेन्शन नाही, आणि जिंकलो तर हार दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. तरी हे काम मी वीसेक वर्षं केलं आणि मला त्याचा माज आहे.

मी मूळचा कामगार. राहायला कळव्यात, कामाला वागळे इस्टेटमध्ये, पंपाचे स्टार्टर बनवणाऱ्या कारखान्यात. युनियनचा सेक्रेटरीही होतो. परदेशी कंपनीनं कारखाना विकत घेतला तेव्हा गेटवर पेढे वाटले गेले. ते मीही खाल्ले. वर्षभरात निम्मं काम कंत्राटावर गेलं. एके दिवशी शिवमूर्ती नावाचा कंत्राटी वेल्डर युनियनच्या ऑफिसात आला. चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला आणि म्हणाला, "सावंतसाहब, हम लोगों को भी साथ ले लो. आज हमारा जाएगा तो कल आपका भी जाएगा."

मॅनेजमेंटनं आदल्याच आठवड्यात आम्हाला शब्द दिला होता की कंत्राटी लोकांच्या भानगडीत पडला नाहीत, तर कायम कामगारांना हात लावणार नाही. मी शिवमूर्तीला सांगितलं, "तुमचं नाव आमच्या हजेरीपटावर नाही." तो चप्पल घालून निघून गेला. आधी ते लोक गेले, आम्ही गेटच्या आतून बघत राहिलो. मग कुलूप आमच्यासाठी लागलं. झेंडा घेऊन गेटवर बसलो तेव्हा आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. कोण येणार होतं? ज्यांनी यायचं त्यांना मीच परत पाठवलं होतं. भाषणात मी पश्चात्ताप हा शब्द वापरत नाही, पण इथं वापरतो. त्या माणसाचं मी वाईट केलं.

कारखाना गेला तरी युनियनचं ऑफिस राहिलं, टायरच्या दुकानावरची एक खोली. हळूहळू तिथं हजेरीपटावर नसलेली माणसंच जास्त यायला लागली. फेरीवाले, रिक्षावाले, पार्सल पोचवणारे, घरकाम करणाऱ्या बायका. मी कोणालाच परत पाठवलं नाही.

मंदाताई त्यातल्याच. आंबिवली स्टेशनजवळच्या चाळीत राहणार, डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणार आणि घरकामगार संघटना चालवणार. बोलायला तिखट. दोनेक वर्षांपूर्वी त्या ऑफिसात आल्या आणि वर्तमानपत्राचा एक तुकडा माझ्यासमोर आपटला. पालिकेची जाहीर सूचना होती. (पालिकेचं नाव घेत नाही. हरलेल्याला डिवचू नये, हा आमच्या धंद्यातला नियम आहे.) एका मोठ्या पट्ट्यातला पाणीपुरवठा तीस वर्षांसाठी एका कंपनीकडे जाणार होता. कंपनीचं मूळ सातासमुद्रापार. घरोघरी मीटर बसणार, आधी पैसे भरायचे मग पाणी, मोबाइलसारखं. आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं, सार्वजनिक नळ टप्प्याटप्प्यानं बंद. हरकती नोंदवायला महिन्याची मुदत.

"काका, आमच्या अख्ख्या चाळीला एक नळ आहे," मंदाताई म्हणाल्या. "पाणी येतं संध्याकाळी साडेपाच ते सात. चार घरची कामं उरकून मी धावत येते ते त्या नळासाठी. तो काढला तर आम्ही पाण्यामागे फिरायचं की कामावर जायचं? माझ्या चाळीतल्या बायकांची कामं सुटली म्हणून समजा."

मी म्हटलं, "काळजी करू नका. व्यापक एकजूट उभी करू." हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकतो.

त्या पट्ट्यात तीन तऱ्हेची माणसं होती. मंदाताईंच्यासारख्या चाळी. डोंबिवलीतल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या सोसायट्या. आणि खाडीकडची जुनी आगरी गावं, ज्यांच्या जमिनींवर या सोसायट्या उभ्या आहेत. या तिघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नव्हतं, आणि जे होतं ते ऐकवण्यासारखं नव्हतं. मी सगळ्यांसाठी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, "नवउदारमतवादी जागतिकीकरणाच्या पाणीविषयक आक्रमणाविरुद्ध व्यापक एकजुटीची हाक". सभा रविवारी संध्याकाळी सहाला. आगरी गावांपैकी सगळ्यात मोठ्या गावात प्रत्येक दाराच्या फटीतून पत्रक सरकवलं, सोसायट्यांच्या फलकांवर लावलं, व्हॉट्सॲपवर सोडलं. कारखान्यात नोटीस बोर्डावर दोन सह्यांचा कागद लागला की माणसं येत. मला वाटलं, जग तसंच चालतं.

सभेला वागळे इस्टेटचे माझे चार जुने सोबती आले, चहावाला आला, आणि एक साठी उलटलेल्या बाई आल्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीत. लेले मॅडम. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या महासंघाच्या अध्यक्ष.

"मी विरोध करायला आले आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या विरोधाला. आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही आणि खाली लोक पाइप लावून गाड्या धुतात. मीटर आला की शिस्त येईल."

माझं डोकं फिरलं. "मग इथं कशाला आलात?"

"तुमचं पत्रक वाचून आले. त्यात आक्रमण आहे, हाक आहे, पण करारातलं एकही कलम नाही. तुम्ही करार वाचला आहे का, सावंत?"

मी करार वाचला नव्हता.

"मीही नाही वाचला अजून. पण मी मागवला आहे, माहितीच्या अधिकारात. उदाहरण न सोडवता खाली उत्तर लिहिणाऱ्याला मी कायम शून्य दिलंय." एवढं बोलून त्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि गेल्या. माझे चार सोबती माझ्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंना विचारलं, "तुमच्या बायका का नाही आल्या हो?"

"सहाला कुठून येणार? सहाला आम्ही नळावर असतो. तुम्ही नळासाठीच सभा घेता आणि नळाच्या टायमाला घेता. कमाल करता काका."

"मग कधी घेऊ?"

"अडीच. दुपारची भांडी संपतात आणि चारला दुसरी पाळी लागते. अडीच ते चार आम्ही मोकळ्या."

आयुष्यभर कामगारांची बाजू घेत आलो, पण बायकांच्या पाळ्या कधी सुरू होतात आणि कधी सुटतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून समितीची प्रत्येक सभा दुपारी अडीचला. वागळेचे सोबती कुरकुरले, कारण अडीचला ते झोपतात. त्यांना सांगितलं, सतरंजी मोठी आहे, झोपा तिथंच.

गाव का आलं नाही, हे विचारायला मी कान्हाबुवांकडे गेलो. कान्हाबुवा म्हणजे गावकीतले वडीलधारे. पांढरे कपडे, हातात जाड अंगठी, देवळासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून फोनवर एका ठेकेदाराची हजेरी घेत होते. फोन ठेवून म्हणाले, "कागूद तुमी टाकला दारान?"

"हो बुवा. सभेचं निमंत्रण होतं."

"कागूद त वाऱ्यानी पन येतं दारान. लगीन असू दे नायत गावकी, मानूस घरा येतं, तोंडानी सांगतं. त्याला बोलतात आवतान. तुमचेतला कोन आयलता?"

कोणी गेलं नव्हतं. बुवांनी मग मला बसवून घेतलं आणि आवतणाचे नियम सांगितले. आवतण उंबऱ्याशी, तोंडी, घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचं. घरच्यांनी पाणी किंवा चहा दिला तर तो प्यायचा, घाई करायची नाही. यायचं नसेल तर घरानं तिथल्या तिथं सांगायचं, त्यात राग नाही. पण एकदा घेतलं की घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. आणि ज्यांचं आवतण घेतलं त्यांच्या कार्यात त्यांच्याविरुद्ध उभं राहणं, यापरतं लाजिरवाणं काही नाही.

"मग मी उद्यापासून घरोघर फिरतो," मी म्हटलं.

"तुमी कल्ला? तुमचा काय जातंय? जिचा नल जातंय तिला धारा."

त्यांच्या बोलीत 'कल्ला' म्हणजे कशाला, आणि बऱ्याचदा 'ड'चा 'र' होतो, म्हणून 'धारा' म्हणजे धाडा. अशा रीतीनं निमंत्रकाला वगळून निमंत्रण सुरू झालं. मंदाताई आणि त्यांच्या चाळीतल्या सहा बायका चार दिवस, रोज अडीच ते चार, गावातल्या प्रत्येक घरी गेल्या. सुरुवातीला दारातून चौकशा झाल्या, कोण, कुठल्या, काय विकता. तिसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा मंदाताईंच्या पिशवीत सुकट होती. "एका म्हातारीनं बांधून दिली," त्या म्हणाल्या. "म्हणाली, माझी सून पण डोक्यावर हंडे आणायची गं." ते ऐकून मला कळलं की हे जमणार.

कान्हाबुवांनी मग अट घातली. बायकांनी गावाला आवतण दिलं, आता गाव सोसायटीवाल्यांना देणार. म्हणून एका दुपारी बुवा, मंदाताई आणि मी लेले मॅडमच्या सोसायटीच्या फाटकात उभे राहिलो. तिथं वॉचमन आडवा आला. मंदाताई त्याच बिल्डिंगमध्ये नऊ वर्षं काम करत होत्या. तो त्यांना म्हणाला, "मंदा, तू मागच्या लिफ्टनं जा. आणि ह्यांची नावं लिही रजिस्टरमध्ये. मेन लिफ्ट मेंबर लोकांसाठी आहे."

बुवांचा आवाज चढला. "ह्ये लिफ्टीचे खाली माजे आज्याची भातशेती व्हती. भात लावताना त्याचेकडं कोनी पास नाय मांगला!"

वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, आघाड्या धोरणावरून मोडत नाहीत, अशा फाटकांवर मोडतात. बुवा परत फिरले असते तर गाव गेलं होतं. तेवढ्यात लेले मॅडम घरातल्या स्लिपर घालून स्वतः खाली आल्या. वॉचमनला म्हणाल्या, "हे तिघे माझे पाहुणे आहेत. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहा." आणि आम्हाला पुढच्या लिफ्टमध्ये घेऊन गेल्या. मंदाताई कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर माझ्या कानाशी पुटपुटल्या, "काका, आत आरसा पण आहे हो."

मॅडमनी पोहे केले. मंदाताई सवयीनं बशा उचलायला उठल्या तर मॅडम म्हणाल्या, "बसा तुम्ही. आज तुम्ही आमंत्रण द्यायला आला आहात." बुवांनी रीतसर आवतण दिलं. मॅडमनी ते घेतलं, पण चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "येईन मी. मात्र मीटरच्या बाजूनं बोलेन, चालेल?"

"बोला ना," बुवा म्हणाले. "येवाचा, खावाचा, मंग भांडवाचा."

पहिली अडीचची सभा गावातल्या देवळाच्या मंडपात झाली. सतरंजी कमी पडली, गोणपाटं आणली. एका बाजूला गावातली माणसं, मधे चाळीतल्या बायका, आणि भिंतीला टेकून सोसायटीवाले, कारण त्यांना मांडी घालून बसता येईना. लेले मॅडम उभ्या राहिल्या. हातात कराराची जाडजूड प्रत, प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा.

"मी आठ दिवस हे वाचते आहे," त्या म्हणाल्या. "मी मीटरच्या बाजूनं बोलणार होते. माझं चुकलं. उदाहरण चुकलं की खोडून पुन्हा मांडायचं असतं, म्हणून पुन्हा मांडते." आणि वर्गात शिकवावं तसं त्यांनी एकेक कलम मराठीत सांगितलं. सार्वजनिक नळ बंद. सोसायट्यांनी स्वतःच्या खर्चानं खणलेल्या बोअरवेल कंपनीच्या परवानगीखाली. गावचे तलाव कंपनीच्या ताब्यात. चौथ्या मजल्यावर पाणी चढवण्याची हमी कुठंही नाही. आणि शेवटी, पालिकेत आणि कंपनीत वाद झाला तर आपलं कोर्ट नाही, तो लवाद सोडवणार. लवाद बसणार सिंगापूरला.

कान्हाबुवा म्हणाले, "म्हंजे आमचे तलावाचा भांडान आयकवाला इमानान बसून जावाचा?"

"आपल्याला ऐकायलाही बोलावणार नाहीत, बुवा," मॅडम म्हणाल्या.

मंदाताई उठल्या. "पण मॅडम, तिथल्या पंचाला काय माहीत आमच्या नळाला पाणी किती वाजता येतं? नळ आंबिवलीत आणि पंच सिंगापुरात?"

मंडप हसून लोळला. मागून कोणीतरी ओरडलं, "नळ आंबिवलीत!" आणि अख्ख्या मंडपानं उत्तर दिलं, "पंच सिंगापुरात!" सोसायटीवाले आजोबा काठी आपटून ओरडत होते. जागतिकीकरणावर मी वीस वर्षं व्याख्यानं दिली, आलेख काढले, भाषांतरं केली. त्या सगळ्यात जे आलं नाही ते या बाईनं उभ्या उभ्या चार शब्दांत सांगितलं. माझं पत्रक मी तिथंच दुमडून खिशात घातलं, आणि नवं पत्रक त्या चार शब्दांचं निघालं. खाली नावं छापलीच नाहीत, फक्त "आपण सगळे". नावं कुठं गेली म्हणून कोणी भांडलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

हरकतींचे गठ्ठे पालिकेत जायला लागले तशी कंपनी जागी झाली. तिचा जनसंपर्क बघणारा एक गृहस्थ फिरायला लागला. शर्ट स्वच्छ, बोलणं गोड. सोसायट्यांना तो म्हणाला, तुमच्या वरच्या मजल्यांना आधी जोराचं पाणी देतो. गावाला म्हणाला, तलाव करारातून वगळतो, गावठाणात मीटर लावत नाही, तेवढ्या हरकती मागे घ्या. आंबिवलीच्या चाळीत तो गेलाच नाही.

हे ऐकलं आणि माझी झोप उडाली. हा डाव मला पाठ होता, वागळे इस्टेटच्या गेटवर मी स्वतः त्याला बळी पडलो होतो. लेले मॅडमनी महासंघाची बैठक घेतली, चार सोसायट्या फुटल्या, बाकीच्या राहिल्या. गावाचं मात्र काही कळेना. बुवा फोन उचलेनात. पुढच्या अडीचच्या सभेत गावाच्या जागेवर गोणपाट रिकामं होतं. पावणेतीन झाले, तीन झाले. मंदाताई सारख्या रस्त्याकडे बघत होत्या.

"नाही येत ना, काका?" त्या म्हणाल्या. "त्यांचा तलाव वाचला. त्यांनी का यावं?"

त्यांच्या जागी मला चप्पल काढून दारात उभा असलेला शिवमूर्ती दिसत होता. त्या दिवशी मी जे केलं तेच आज माझ्यासमोर होणार, आणि माझ्यासारख्याला तीच शिक्षा योग्य, असं वाटून गेलं.

सव्वातीनला वाटेवर माणसं दिसली. पुढे कान्हाबुवा, मागे सगळं गाव, बायापोरांसकट. बुवा आले, पाणी प्यायले, सावकाश बसले.

"उशीर झाला," ते म्हणाले. "गावकी बसलती. त्यो मानूस आयलता. गोर बोलला. तलाव सोरतो बोलला."

"मग?" मंदाताईंनी विचारलं.

"मंग काय? काही पोरा बोलली, घेऊ या. मी बोललो, ह्या बायांचा आवतान आमी घेतलाय. घरा चाय पाजलीय त्यांना. आता आमचा तलाव ठेवाचा आनि त्यांचा नल तोराचा, ह्यो कंचा धरम? आवतान घेतला का घेतला. त्या मानसाला सांगितला, जा तू."

मला रडू कोसळलं. चहा सांगण्याच्या निमित्तानं मी बाहेर गेलो आणि देवळामागे जाऊन डोळे पुसले. त्या गावकीनं जे एका दुपारी ठरवलं, ते आम्हा शिकलेल्या, झेंडेवाल्या, घोषणावाल्या कामगारांना जमलं नव्हतं.

पुढे जनसुनावणी लागली. इथंही फोडाफोडी होतीच. आज गावं, उद्या झोपड्या आणि चाळी, परवा सोसायट्या, अशा वेगवेगळ्या तारखा. आम्ही पहिल्याच दिवशी सगळे गेलो. आदल्या अडीचच्या सभेत ठरलं होतं की कोणीही स्वतःचं गाऱ्हाणं मांडायचं नाही, दुसऱ्याचं मांडायचं. ही युक्ती लेले मॅडमची. म्हणाल्या, "स्वतःसाठी मागणाऱ्याला बाजूला घेऊन समजावता येतं. दुसऱ्यासाठी भांडणाऱ्याला काय देऊन गप्प बसवणार?"

मंदाताई माईकसमोर गेल्या आणि बोअरवेलवर बोलायला लागल्या. अधिकारी गोंधळले.

"बाई, तुमची बोअरवेल आहे का?"

"नाही साहेब. लेले मॅडमच्या सोसायटीची आहे. मी तिथं भांडी घासते."

"मग तुमचा काय संबंध?"

"बोअरवेल गेली तर भांडी कशानं घासू, साहेब? थुंकीनं?"

हॉल खदखदून हसला, अधिकारीही हसले. त्यानंतर लेले मॅडम गावच्या तलावावर बोलल्या, नकाशासकट. कंपनीचे वकील म्हणाले की परदेशी लवाद ही सर्वमान्य आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. मॅडम म्हणाल्या, "असेल. पण तलावात म्हशी आमच्या डुंबतात." आमच्या म्हणाल्या त्या. गावच्या बायकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की पुढचं वाक्य ऐकू आलं नाही. सगळ्यात शेवटी कान्हाबुवा उठले आणि फक्त आंबिवलीच्या नळावर बोलले. जेमतेम दोन मिनिटं. "त्यो नल तोरला त आमचे गावाला झोप नाय येवाची," असं म्हणून खाली बसले.

काही आठवड्यांनी महासभेत प्रस्ताव "दप्तरी दाखल" झाला. सरकारी मराठीत कुठलीही गोष्ट मेली असं कधी म्हणत नाहीत, दप्तरी दाखल झाली म्हणतात. मी मंदाताईंना फोन केला आणि सगळी प्रक्रिया समजावून सांगायला लागलो.

"काका, नळ राहिला ना?"

"राहिला."

पलीकडून हुंदका आला, आणि मग त्या चाळीभर ओरडत गेल्या ते मला फोनमधून ऐकू येत राहिलं.

विजयाची सभा आंबिवलीला, चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत घेतली. अर्थात अडीचला. त्या दिवशी बायकांनी दुपारच्या कामांना सुट्टी मारली होती, त्यामुळे भाषणं लांबली. सगळ्यांची झाली. कान्हाबुवांना हार, लेले मॅडमना हार, मंदाताईंना तर इतके हार की चेहरा दिसेना. शेवटचं भाषण माझं. वागळे इस्टेटच्या गेटवर जे बोलायला कोणी समोर नव्हतं ते सगळं बोलायचं मी ठरवलं होतं. शिवमूर्तीचं नाव जाहीरपणे घेणार होतो. माईक हातात घेतला, घसा साफ केला, "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हटलं, आणि समोरचा अर्धा जमाव उठून उभा राहिला.

"काका, साडेपाच होत आले," मंदाताई हार काढत म्हणाल्या. "पाणी यायचं."

दोन मिनिटांत मैदान रिकामं. बायका गेल्या, त्यांच्यामागून गावच्या बायका कुतूहलानं गेल्या, आणि लेले मॅडम रांग नीट लावायला गेल्या, कारण रांग वाकडी होती. कान्हाबुवांच्या हातात कोणीतरी कळशी दिली होती. इतकी वर्षं रिकाम्या मैदानाची मला धडकी भरत आली आहे. त्या दिवशी मला हसू फुटलं. माईकची वायर जिथवर पोचली तिथवर मी चालत गेलो, नळापासून दहा पावलांवर.

नळ खाकरला, हवा सुटली, आणि पाणी आलं. हंड्यांचा, बादल्यांचा, हसण्याचा, भांडणाचा एकच कल्लोळ उठला. मी माईक तोंडाशी धरला आणि शिवमूर्तीपासून सुरुवात केली. एक वाक्यही कोणाला ऐकू गेलं नसेल. मी शेवटपर्यंत बोललो.